बाप्तिस्म्याचा दाखला नसलेल्या घरातून: मुलग्यांच्या कॅथलिक शाळेतलं पहिलं वर्ष

एप्रिल २०२५ मध्ये मुलाची पाचवी संपली. जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादर चालवतात त्या, फक्त मुलांच्या शाळेतलं त्याचं हे पहिलं वर्ष. आम्ही ख्रिस्ती नाही, नात्यागोत्यात कुणी अशा शाळेत शिकलेलं नाही, ओळखीपाळखीत एकही फादर नाही. चौकशी सुरू केली तेव्हा मला दोनच प्रकारचा मजकूर सापडत होता: साठीतल्या माजी विद्यार्थ्यांचे गहिवर, नाहीतर ‘तिथे पोरं बाटवतात’ छापाचे फॉरवर्ड. अर्जातला ‘पॅरिश’चा रकाना आपण कसा भरायचा, मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, बोलावलं तर कुठे बसायचं, सगळे गुडघे टेकतात तेव्हा आपण काय करायचं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहितेय.

अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाले. पाचवीत शिरणं पहिलीपेक्षा अवघड, कारण नवी तुकडी उघडत नाही. कुणी शाळा सोडून गेलं तरच जागा. माहितीपत्रकात प्राधान्यक्रम स्वच्छ लिहिला होता. आधी त्याच पॅरिशमधली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली कॅथलिक मुलं, मग इतर पॅरिशमधली, मग ज्यांचा भाऊ शाळेत आहे ती, मग माजी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. आम्ही इतर. नवरा वाचून म्हणाला, “अर्जाचे पैसे पाण्यात.” मला उलट बरं वाटलं. त्याआधी पाहिलेल्या शाळांमध्ये निकष काय आहेत याचाच थांग लागत नव्हता. इथे निदान रांगेत आपण कुठे उभे आहोत ते छापून दिलं होतं.

अर्जाला जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, आधीच्या शाळेची दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि फोटो लागले. दुसऱ्या पानावर मुलाचा धर्म, पॅरिशचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि पॅरिशच्या फादरांची सही असे चार रकाने होते. मी ते रिकामे सोडून खिडकीवर गेले. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. “नॉन-कॅथलिक ना? रेघ मारा आणि रेघेवर सही करा. रिकामं असलं की आम्हाला वाटतं दाखला आणायचा राहिलाय, आणि अर्ज ‘अपूर्ण’च्या गठ्ठ्यात जातो.” ही एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांच्यासाठीही एक सूचना तिथेच कानावर पडली: बाळपणी मिळालेली जुनी प्रत चालत नाही, चर्चच्या नोंदवहीवरून नव्याने काढलेली लागते. पुढचे संस्कार त्याच नोंदीच्या समासात टिपले जातात, म्हणून ताजी प्रत मागतात. माझ्यापुढचे गृहस्थ त्यासाठी दुसऱ्या गावच्या चर्चला पत्र धाडणार होते.

जानेवारीत भेटीचं पत्र आलं. ‘इंटरव्ह्यू’ असं कुठे म्हटलं नव्हतं, पण आम्ही तिघं इंटरव्ह्यूसारखेच गेलो. प्रिन्सिपल फादर आधी आमच्याशी बोललेच नाहीत. मुलाला विचारलं, कुठला खेळ आवडतो, आणि शेवटचा राग कुणाचा आला होता. त्याने दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिकपणे “बाबांचा” असं उत्तर दिलं आणि मला वाटलं, संपलं. फादर हसले आणि राग गेला कसा ते विचारत बसले. गणित, इंग्रजी काही नाही. ते पुढे वर्गशिक्षकांनी वेगळ्या खोलीत अर्धा तास घेतलं.

आमच्या वाट्याचा प्रश्न एकच होता. शाळेत सकाळी आणि शेवटच्या तासाला प्रार्थना होते, वर्षातून काही वेळा मिस्सा होते. त्या वेळी मुलाने शांत राहावं एवढी अपेक्षा आहे, चालेल का? आम्ही चालेल म्हणालो.

मग मी माझा प्रश्न विचारला, जो घरून कागदावर लिहून नेला होता. मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण लेखी आहे का, आणि तक्रार करायची झाली तर कुणाकडे? कॅथलिक संस्थांमधल्या अत्याचारांबद्दल जगभर जे बाहेर आलं आहे ते वाचलेल्या कुठल्याही आईच्या मनात हा प्रश्न असणार, आणि तो विचारायला लाज वाटू देऊ नका. फादरांच्या चेहऱ्यावर आठी पडली नाही. त्यांनी कपाटातून धोरणाची प्रत काढून दिली, त्यात तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं होती, त्यांपैकी एक बाहेरची, शाळेच्या पगारावर नसलेली बाई. समुपदेशकांच्या खोलीच्या दाराला काच होती, तीही दाखवली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे कळवणं फादर-सिस्टरांना बंधनकारक केलं, हे त्यांनीच सांगितलं. एखादी शाळा या प्रश्नावर चिडली, तर मी तिथून उठून आले असते.

फेब्रुवारीत यादी लागली. आमचं नाव प्रतीक्षायादीत.

पुढचे दोन-अडीच महिने फार वाईट गेले. जुनी शाळा पुढच्या वर्षाची फी मागत होती, नवी काही सांगत नव्हती. खिडकीवर विचारलं की “कळवू” एवढंच उत्तर. इथे एकच सल्ला देते, बाकी धीर धरण्याला पर्याय नाही: नव्या शाळेचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत जुन्या शाळेतून दाखला काढू नका. दाखला काढला की ती जागा गेली. आम्ही जुन्या शाळेला खरं काय ते सांगितलं आणि फीसाठी मुदत मागून घेतली, ती मिळाली.

या मधल्या काळात घरातली चर्चा तापली. सासूबाईंचा विरोध नव्हता, पण काळजी होती. त्यांनी एका संध्याकाळी मला विचारलं, “नाव तेच राहील ना गं त्याचं?” मी हसले नाही, कारण प्रश्न खरा होता आणि मलाही नेमकं उत्तर माहीत नव्हतं. म्हणून वाचलं. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्यात ७४८ वं कलम आहे. कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध हा धर्म स्वीकारायला भाग पाडता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन जाहीरनामे मंजूर केले, एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल आणि दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दल. दुसऱ्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं म्हटलं आहे. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कागदावर असतंच. तिथली माणसं बघ.” त्या बोलल्या ते बरोबरच होतं.

एप्रिल २०२४ च्या शेवटी फोन आला. एक कुटुंब बदली होऊन निघालं होतं. तीन दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा पुढच्याला. पैशांचं सांगायचं तर प्रवेशशुल्क, वार्षिक फी, कॉशन डिपॉझिट, वह्या-पुस्तकांचा संच, गणवेश आणि पालक संघाची वर्गणी असे वेगवेगळे आकडे असतात आणि ते एकाच आठवड्यात अंगावर येतात. फी दोन हप्त्यांत घेतात, पण तसा अर्ज आपण करायचा असतो, कुणी आपणहून सांगत नाही. कॉशन डिपॉझिटची मूळ पावती जपून ठेवा, शाळा सोडताना ती दाखवल्याशिवाय रक्कम परत मिळत नाही. सवलतीसाठीही फादरांना थेट भेटता येतं. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना ती मिळाली आहे आणि ती कुणाला मिळाली हे मुलांना माहीत नसतं. जेझुइटांच्या सुरुवातीच्या शाळा मोफत होत्या हे मला पैसे भरल्यावर कळलं. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना शहराने मागणी केली म्हणून त्यांनी तिथे शाळा काढली आणि मग युरोपभर लोक शाळा मागू लागले. पुढे १५९९ मध्ये सगळ्या शाळांसाठी एक सामाईक अभ्यासपद्धती छापली. पावती हातात धरून हे वाचताना माझी थोडी चिडचिड झाली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नव्या मुलांच्या पालकांना आदल्या दिवशी बोलावलं होतं. भाषण होईल, आणि ते मूल्यं, शिस्त वगैरे असेल, अशा तयारीने मी गेले होते. फादरांनी गोष्ट सांगितली. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा आधी सैनिक, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडून वाचता वाचता माणूस बदलला, हे मी ऐकून होते. पुढचं माहीत नव्हतं. त्याला लॅटिन येत नव्हतं. म्हणून तेहेतिसाव्या वर्षी तो बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने व्याकरण शिकायला बसला. “उद्या तुमच्यातल्या कुणाला वर्गात आपण एकटेच नवे आहोत असं वाटलं,” फादर मुलांकडे बघून म्हणाले, “तर हा दाढीवाला डोळ्यांपुढे आणा.” मुलाने घरी येऊन पहिलं काय सांगितलं तर दाढीवाल्याची गोष्ट, जी मीही ऐकली होती हे तो विसरला होता.

फाटकाशी रोज सकाळी एक निवृत्त फादर काठी टेकून उभे असतात. ऐंशीच्या पुढचे. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाशी हात मिळवतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या मुलाला नाव विचारलं, दुसऱ्या आठवड्यात चुकीचं नाव घेतलं, तिसऱ्यापासून बरोबर. मुलाला त्या चुकीच्या नावानेच जास्त मजा वाटली होती.

शिवाय प्रत्येक नव्या मुलाला सहावीतला एक ‘बडी’ नेमून देतात. मधली सुट्टी कुठे घालवायची, कुठल्या सरांना काय चालत नाही, स्वच्छतागृह कुठलं बरं आहे, ही माहिती बडीकडून मिळते आणि ती शाळेच्या डायरीपेक्षा कामाची असते. मुलगा गोन्झागा हाऊसमध्ये गेला. हाऊसना जेझुइट संतांची नावं आहेत. अलॉयशियस गोन्झागा हा सरदार घराण्यातला मुलगा, १५९१ मध्ये रोममध्ये साथीच्या रुग्णांची शुश्रूषा करताना आजारी पडून तेविसाव्या वर्षी गेला. हे सगळं बडीने सांगितलं आणि शेवटी “पण आपण फुटबॉलमध्ये दरवर्षी हरतो” हेही.

वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात ए.एम.डी.जी. अशी चार अक्षरं लिहायची असतात, ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या अर्थाची. आमच्याकडे त्यावरून थोडं झालं. नवऱ्याचं म्हणणं, त्याने का लिहावं? वर्गशिक्षकांना विचारलं. त्या म्हणाल्या, सक्ती नाही, वर्गातली काही मुलं आपापल्या देवाचं नाव लिहितात, काही काहीच लिहीत नाहीत. मुलाने आठवडाभर विचार करून चार अक्षरंच लिहायचं ठरवलं, कारण बाकी सगळे तेच लिहितात. दहा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेचं मूळ बहुतेक वेळा इतकंच असतं, असं माझं मत झालंय.

३१ जुलै हा इग्नेशियसचा सण. शाळेच्या सभागृहात मिस्सा. कॅथलिक मुलांनी यायचंच, इतरांना ऐच्छिक, आणि पालकांना निमंत्रण. ऐच्छिक असूनही सगळी मुलं आली, कारण मिस्सेनंतर अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. आता पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते. शेवटच्या रांगांपैकी एकीत बसा म्हणजे पुढचे काय करतात ते दिसतं. पहिली वाचनं बसून ऐकतात, शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, उभं राहून. त्याआधी लोक अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढतात. आपण नुसतं उभं राहायचं. मग प्रवचन, आमच्या वेळी ते बरंचसं क्रिकेटवर होतं. नंतर एका क्षणी सगळे गुडघे टेकतात. शेकडो मुलं एकदम खाली बसल्याचा जो धडधडाट होतो त्याने मी दचकले. आपण बसून राहिलं तरी चालतं, त्यात अनादर नाही. त्यानंतर सगळे आजूबाजूच्यांना शांतीच्या शुभेच्छा देतात, तेव्हा नमस्कार पुरतो.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे असतं. कम्युनियनसाठी, म्हणजे वेदीवर अर्पण केलेली भाकर घ्यायला, रांग लागते. ती भाकर कॅथलिकांच्या श्रद्धेने प्रत्यक्ष ख्रिस्त आहे, त्यामुळे इतरांनी ती घ्यायची नसते. प्रसाद म्हणून हात पुढे करू नका. जागेवर बसून राहायचं, किंवा जिथे पद्धत असेल तिथे दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून रांगेत जायचं, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. माझ्या मुलाला बडीने हे आधीच शिकवून ठेवलं होतं. तो हात छातीवर घट्ट आवळून, गंभीर चेहऱ्याने रांगेतून गेला आणि परत येताना मला शोधून भुवया उडवल्या.

आता ती बाटवण्याची गोष्ट. आठवड्यातून दोन तास कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गाला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला. प्रवेशाच्या वेळी तशी नोंद अर्जावरच होते. ऑगस्टमध्ये मुलाने हट्ट धरला, मला कॅटेकिझमला जायचंय. कारण विचारलं तर तिथे बाई गोष्टी सांगतात आणि मूल्यशिक्षणाच्या सरांचा आवाज झोप आणतो. मी वर्गशिक्षकांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, नाही. तो वर्ग संस्कारांच्या तयारीसाठी आहे, बाप्तिस्मा झालेल्या मुलांसाठी. तुमची हरकत नसली तरी आम्हाला ते योग्य वाटत नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या चकितच झाल्या. “म्हणजे आपण पाठवतोय आणि ते घेत नाहीत?” त्यांनी ही बातमी मग स्वतःच चार ठिकाणी सांगितली.

इथपर्यंत मुलाचं बस्तान बसलं होतं. माझं नव्हतं. पालकसभेला बायका एकमेकींना पॅरिशमुळे, गायनवृंदामुळे, जुन्या शेजारामुळे ओळखत. माझ्याशी सगळ्या चांगलं वागत, जसं पाहुण्याशी वागतात. स्वागत झालं ते पुढे, कामाला लावल्यावर. पालक संघाची एक गणवेश-पेढी आहे, जिन्याखालची खोली. मुलं भराभर वाढतात, तेव्हा आखूड झालेले शर्ट, पँट, ब्लेझर तिथे आणून द्यायचे आणि हवं ते अत्यल्प पैशांत न्यायचं. तिथे मदतीला माणूस हवं, अशी सूचना डायरीत आली आणि मी शनिवारी जाऊ लागले.

काम सोपं, पण वेळखाऊ. कॉलर उलटून नावाची पट्टी बघायची, आधीच्या मुलाच्या नावावर शाईची रेघ मारायची, बटणं मोजायची, मापाप्रमाणे फळीवर लावायचं. एका ब्लेझरच्या आतल्या पट्टीवर तीन आडनावं एकाखाली एक निघाली, तिन्ही वेगवेगळ्या समाजांची, आणि खिशात कुणाच्या तरी हस्ताक्षरातली सतराच्या पाढ्याची चिठ्ठी. तो ब्लेझर मी माझ्या मुलासाठी घेतला. नवीन घेण्याआधी पेढीत चक्कर मारा, हा माझा अख्ख्या लेखातला सगळ्यात पैसे वाचवणारा सल्ला आहे.

त्या खोलीत गोडगोडच होतं असं नाही. एक बाई सरळ म्हणाली, तिच्या बहिणीचा मुलगा त्याच पॅरिशचा, त्यालाही पाचवीत जागा मिळाली नाही आणि तुमच्या मुलाला मिळाली, हे कसं? मला खरंच ठाऊक नव्हतं. तिचा अर्ज उशिरा गेला होता असं दुसरी कुणी म्हणाली, तर ती आणखी चिडली. शाळा त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वर्गण्यांतून उभी राहिलेली. आपल्याच शाळेत आपल्याला जागा नाही, ही सल मला समजते. माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही दोघी अजून त्याच खोलीत शर्टांच्या घड्या घालतो आणि त्या विषयावर बोलत नाही.

नोव्हेंबर हा कॅथलिकांमध्ये मृतांच्या स्मरणाचा महिना. शाळेच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, एक जाड वही उघडून ठेवतात, तिच्यात कुणीही आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायची. महिनाभर रोजच्या मिस्सेत त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. पेढीतल्याच एकीने मला वहीपाशी नेलं आणि पेन पुढे केलं. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी विचारलं, आमच्यातलं नाव चालेल? ती म्हणाली, “मेलेल्यांना कोण कुठला ते विचारतो का आपण?” मी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. वरच्या ओळीत कुणा पोराने आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं, आणि ते कुणी खोडलेलं नव्हतं.

डिसेंबर नाटक, कॅरल आणि परीक्षांत गेला. त्यात पालकांना विशेष काही करायचं नसतं.

मुलांच्याच शाळेचे तोटेही सांगते. मारामाऱ्या जास्त. मुलाचा चष्मा जानेवारीत फुटला, कुणी फोडला ते तो अजून सांगत नाही. ‘मुलीसारखा रडतो’ ही शिवी तिथे सर्रास आहे आणि शिक्षक ती ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी पालकसभेत हे बोलले, मान डोलावल्या गेल्या, फार फरक पडलेला नाही. शाळेच्या भिंतीवर ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं’ असं मोठ्या अक्षरात आहे. हे शब्द जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांचे, ३१ जुलै १९७३ ला व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढच्या भाषणातले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवलं का, असा प्रश्न त्यांनी त्यात स्वतःच्या संघाला विचारला आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं दिलं. पुष्कळ माजी विद्यार्थी त्यामुळे दुखावले गेले. भिंतीवर घोषणेबरोबर हा भागही लिहायला हवा होता.

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, आणि ‘तू माती आहेस, मातीलाच मिळशील’ अशा अर्थाचे शब्द म्हणत ती कपाळावर लावतात. कम्युनियनसारखी अट इथे नाही, कुणीही लावून घेऊ शकतं. शाळा मात्र इतर मुलांकडून पालकांची चिठ्ठी मागते. आम्ही दिली. तिथून ईस्टरपर्यंतचे, रविवार सोडून, चाळीस दिवस लेंट. मुलांनी काहीतरी सोडायचं आणि वाचलेले पैसे वर्गातल्या डब्यात टाकायचे. आमच्याने मोबाईलवरचा खेळ सोडला. त्यातून पैसे वाचत नाहीत हे त्याच्या लक्षात आल्यावर मोठा पेच झाला. शेवटी आजीने दर दिवशी एक नाणं द्यायचं कबूल केलं.

वर्षभरात घरात काही आलं असेल तर ते एक्झॅमेन. शेवटच्या तासाआधी घंटा होते, मुलं बाकावर डोकं टेकतात आणि तीन-चार मिनिटं दिवस मनात उलटा फिरवतात: कशाबद्दल आभार मानावेत, कुठे आपण चुकलो, उद्या काय वेगळं करायचं. इग्नेशियसने घालून दिलेली ही रीत. मुलगा झोपताना ते आपणहून करतो आणि आम्हालाही विचारतो. नवरा सुरुवातीला टाळायचा. आता दोघांची लांबलचक चर्चा चालते आणि दिवा मला जाऊन बंद करावा लागतो.

२१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. ते पहिलेच जेझुइट पोप, त्यामुळे या शाळेसाठी ती जवळजवळ घरातली बातमी. परीक्षा चालू होत्या. पेपर ठरल्याप्रमाणे झाला, त्यानंतर चॅपलमध्ये प्रार्थना ठेवली होती, ऐच्छिक, आणि या वेळी सुट्टीचं आमिष नव्हतं. मी मुलाला न्यायला गेले तर तो बाहेर नव्हता. आत गेले. तो बडीशेजारी मागच्या बाकावर बसला होता. फाटकाशी उभे राहणारे म्हातारे फादर पुढे एकटेच गुडघ्यांवर होते, आणि संपल्यावर त्यांना उठवायला मुलं धावली.

निकालाबरोबर पुढच्या वर्षीचं पत्र आलं. आता मुलालाच बडी म्हणून नेमलंय. येणाऱ्या मुलाच्या आईचा नंबर शाळेने तिच्या संमतीने दिला होता, मीच फोन केला. तीही ‘इतर’ रकान्यातली, तिच्या मुलालाही प्रतीक्षायादीतूनच जागा मिळालेली. फीचे हप्ते, गणवेश-पेढी, सुरक्षिततेचं धोरण मागून घेणं, कॅटेकिझम, सगळं बोलून झालं. मग तिने जरा अडखळत विचारलं, मिस्सेला जाताना काय घालायचं असतं? नेहमीचे साधे कपडे चालतात, खांदे झाकलेले असावेत, पायातलं काढावं लागत नाही. दहा मिनिटं आधी पोचा आणि मागे, मधल्या वाटेच्या कडेची जागा धरा, म्हणजे लहान मूल बरोबर असलं तर मध्येच बाहेर पडता येतं.